पाईप माझ्याच हातात होता

त्या सकाळी कोर्ट धुणं चाललं होतं. दुसऱ्या दिवशी आमच्या कॉलेजात मुलींची बास्केटबॉल स्पर्धा सुरू होणार होती. बाहेरगावच्या टीम येणार, पाहुणे येणार. मला वाटलं, धूळ काढतायत. झाशीची धूळ हट्टी. संध्याकाळी झाडलेलं कोर्ट सकाळी पुन्हा पांढरं, आणि त्यावर मुलींचे बूट घसरतात. रामसेवक चपराशी पाईप ओढत होता. पाईपला पीळ पडून पाणी अडलं होतं. मी पीळ काढला. म्हटलं, आण इकडं, तू खराटा धर. आणि मीच धुवायला लागलो.

मन लावून धुतलं. रिंगखालची जागा, फ्री थ्रोची रेघ, कडेचा बाक. रामसेवक मान खाली घालून खराटा मारत होता. बोलत नव्हता. एरवी त्याला गप्प बस म्हणावं लागतं.

पाणी निथळलं तसा तो आत गेला आणि पितळेचा लोटा घेऊन आला. लोट्यात तुळशीची डहाळी. डहाळीनं पाणी शिंपडत निघाला. बाकावर शिंपडलं. रेघेवर शिंपडलं. माझ्यापाशी येऊन थांबला.

"तनक उतै हो जाओ," म्हणाला. जरा तिकडं व्हा.

मी सरकलो. मी उभा होतो त्या जागेवर त्यानं पाणी मारलं. मग मी सरकून जिथं उभा राहिलो होतो, तिथं आला. मी पुन्हा सरकलो. तिथंही मारलं. मी पुढं आणि तो मागं, असं चाललं.

"ये क्या है, रामसेवक?"

"गंगाजल आय." त्यानं वर बघितलं नाही. "हमें तो जैसी कई गई, वैसी कर रए."

मला सांगितलं तसं करतोय. वाक्य तिथंच संपलं. पुढं 'पंडितजी' आलं नाही. हा माणूस इतकी वर्षं मला प्रत्येक वाक्याला पंडितजी म्हणत होता. पंडितजी पानी ले आएँ, पंडितजी गेंद की हवा निकर गई. त्या सकाळी त्याच्याकडं मला म्हणायला काही नव्हतं.

तेव्हा कळलं. धूळ नव्हते काढत. मला काढत होते. आणि पाईप मी धरला होता.

मी मांग. शुद्ध बोलणारे मातंग म्हणतात. मूळ गाव सातारा भागात. आमच्या लोकांनी दोर वळायचे, केरसुण्या बांधायच्या, लोकांच्या लग्नात हलगी वाजवायची आणि लांब बसून जेवायचं. वडील फौजेत शिपाई झाले आणि झाशीजवळ बबीन्याच्या छावणीत आले. मला नंतर आणलं. शाळेत माझं काही जमलं नाही. आठवीत बसलो आणि उठलो. पण उंच झालो. दारातून वाकून जायला लागलो तेव्हा छावणीतल्या एका हवालदारानं धरून कोर्टावर नेलं. म्हणाला, पळता येतं ना? मग बाकीचं मी बघतो.

पुढं रेल्वेच्या टीममध्ये घेतलं. कागदावर खलाशी, म्हणजे रेल्वेचा मदतनीस, काम खेळायचं, पगारही खेळण्याचाच. गाडीनं सगळा देश फिरलो. माझं काम रिंगखाली. दुसऱ्यानं मारलेला आणि चुकलेला बॉल बोर्डावरून परत येतो, तो घ्यायचा. समोरच्याची कोपरं खायची आणि घ्यायचा. एक दात गेला, बोटं वाकडी झाली. टाळ्या बास्केट करणाऱ्याला. मला त्याचं वाईट वाटलं नाही. आम्ही सगळे एका बादलीतून पाणी प्यायचो, एका ताटात जेवायचो. आडनाव गावावरून पडलेलं, त्यात जात दिसत नव्हती, आणि तिथं कुणी विचारलीही नाही. म्हणून मी समजलो की खेळात हे नसतं. असं समजून बरीच वर्षं सुखात गेली.

गुडघा गेला, खेळ गेला. नोकरी संपली तेव्हा झाशीतल्या एका खाजगी कॉलेजला मुलींची टीम शिकवायला माणूस हवा होता. मी गेलो. कॉलेज चालवणारे मालक, त्यांना इकडं प्रबंधकजी म्हणतात. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं,

"मराठी हैं आप?"

"जी."

"तो पंडितजी कहिए ना. झाँसी में मराठी माने पंडित."

झाशीत हे असंच आहे. जुन्या काळी महाराष्ट्रातून कारभारी आले, भटजी आले, त्यांची घरं अजून आहेत. झाशीवाल्यानं मराठी माणूस बघितला तो त्यांच्यातला. मराठी बोलला की पंडित. मांगसुद्धा मराठीच बोलतो, हे त्यांच्या डोक्यात येत नाही.

मी तिथल्या तिथं सांगितलं, "नहीं साहब, मैं पंडित नहीं हूँ."

ते हसले. "देखा? बड़े घर के लोग ऐसे ही बोलते हैं."

दुसऱ्या दिवशी पुन्हा सांगितलं. पुन्हा हसले. नाव चिकटलं. मुली 'पंडितजी सर' म्हणायला लागल्या. मॅचच्या आधी मनगटं पुढं करायला लागल्या, धागा बांधा म्हणून. लाल धागा, इकडं कलावा म्हणतात. मी बांधायचो. पोरीनं मॅचला जाताना हात पुढं केला तर मी काय करणार होतो?

माझी बायको कमल. तिला हे खपत नव्हतं. कॉलेजच्या आवारातच आम्हाला खोली होती. शेजारच्या बायका 'पंडिताइन, ओ पंडिताइन' अशा हाका मारायच्या. ती ओ द्यायची नाही. कणीक मळत बसायची. एक दिवस एक बाई दारात येऊन म्हणाली, "बहरी हो का?" कमल म्हणाली, "बहरी नहीं. मेरा नाम कमल है. कमल बोलो, मैं उठती." तिचं हिंदी तेवढंच. पण त्या बाईला पुरलं.

कमल गेली त्याला अजून वर्ष नाही. ती असती तर हे लिहायला बसलो नसतो. तिच्याशी बोलून मोकळा झालो असतो.

तर भाऊसाहेब. झाशीतल्या जुन्या मराठी घरातले, बँकेतून निवृत्त झालेले. त्यांची नात आमच्या कॉलेजात होती. तिला न्यायला संध्याकाळी यायचे आणि तिचा तास सुटेपर्यंत कोर्टाच्या पायरीवर बसायचे. मी मराठी म्हटल्यावर खूष झाले. "अहो, इथं मराठी बोलायला माणूस मिळत नाही. आमची नात, तिला समजतं सगळं, पण उत्तर देते हिंदीत." रोज गप्पा व्हायच्या. गणपतीला वहिनींना घेऊन घरी या, म्हणाले. मलाही बरं वाटायचं. खोटं कशाला सांगू.

रिंगचं जाळं मी घरीच करायचो. बाजारातलं नायलॉनचं जाळं इथल्या उन्हात कडक होतं आणि तुटतं. म्हणून बडा बाजारातून सूत आणायचं, मांडीवर तळहातानं पीळ द्यायचा, तीन पदर एकात घ्यायचे, मग गाठी. त्या संध्याकाळी स्पर्धेसाठी नवं जाळं वळत बसलो होतो. पायाच्या अंगठ्यात टोक धरलेलं. भाऊसाहेब बघत होते. बराच वेळ बघत होते.

"हे वळायला कुठं शिकलात?"

"वडलांकडं."

"वडील तर फौजेत होते म्हणालात."

"फौजेच्या आधी. गावाकडं. आमच्या घरात सगळेच वळायचे."

झाशीत दुसऱ्या कुणाला हे कळलं नसतं. इथला माणूस म्हणाला असता, पंडितजी के हाथ में कला है. पण त्यांच्या घरात कधीतरी सणाला दाराशी दोर घेऊन येणारा माणूस कोण असतो, हे सांगितलं गेलं असणार.

"म्हणजे तुम्ही..." म्हणाले.

"हो. मांग."

ते उठले. पँट मागून झटकली. "छान वळता," म्हणाले. आणि नातीची वाट न बघता फाटकाकडं गेले.

कोर्ट धुतलं ते त्यानंतर लगेचच.

लोट्यातलं पाणी संपलं तसं मला ऑफिसात बोलावणं आलं. प्रबंधकजींनी दार लावून घेतलं.

"बैठिए, पंडितजी."

मी उभाच राहिलो.

"बात इस कमरे से बाहर नहीं गई है. भाऊसाहेब समझदार आदमी हैं, वो नहीं बोलेंगे. कल उद्घाटन है. लड़कियों के माँ-बाप सामने बैठेंगे. इतने साल जिसके हाथ से धागा बँधवाया, वो ये निकला, तो मैं किसको मुँह दिखाऊँ? आप पंडितजी थे, पंडितजी रहिए. तिलक लगाकर आइए, धागा बाँधिए, टीम खिलाइए. जाल अब बाज़ार से आएगा. बस."

"और कोर्ट जो धुलवाया?"

"वो हमारे मन की शांति के लिए. उसका बुरा मत मानिए."

"और मैं ना कहूँ तो?"

"तो आज ही कमरा खाली कर दीजिए. टीम दूसरे को दे दूँगा."

मला बाजूला लोटलं असतं तर ते ओळखीचं होतं. गावात बघितलेलं होतं. हे नवीन होतं. माझी जात त्यांना कळली होती आणि ती मी गिळावी असं ते सांगत होते. त्यांच्यासाठी. त्यांची अब्रू माझ्या पोटात ठेवायची, आणि वर तिलक लावायचा.

पण मी लगेच नाही म्हणालो नाही. कारण टीम. ती टीम मी उभी केली होती, आणि तेव्हा ती अशी होती की ही स्पर्धा जिंकून पुढं राज्याला जाईल. कप्तान नीतू, टहरौलीकडची शेतकऱ्याची मुलगी. आली तेव्हा पळताना पायात पाय अडकायचे. खडूनं जमिनीवर पावलं काढून तिला ले-अप शिकवला, पळत जाऊन रिंगपाशी बॉल टाकायचा तो. डाव्या हातानं जेवायला लावलं म्हणजे डावा हात चालेल. तिचे वडील खेळू देत नव्हते. मी टहरौलीला गेलो, त्यांच्या बाजेवर बसलो, त्यांच्याकडं जेवलो. ते शेवटी म्हणाले, "पंडितजी के हाथ में मोड़ी है, अब हमें का फिकर." मोड़ी म्हणजे मुलगी. मी बोललो तर पहिल्यांदा नीतूचं खेळणं जाणार होतं. हे मला माहीत होतं.

"सोचता हूँ," म्हणालो आणि बाहेर आलो.

कमल अंगणात गहू निवडत होती. सगळं सांगितलं. ती निवडत राहिली.

"तुम्ही काय म्हणालात?"

"विचार करतो म्हटलं."

"कसला?"

"पोरींचा. त्यांचं वर्ष जाईल."

"पोरींना कुणी खोटं शिकवायला सांगितलंय तुम्हाला?"

तिनं सूप खाली ठेवलं. "माझा बाप हलगी वाजवता वाजवता मेला. लोकांच्या वरातीत. त्याला कुणी पाणी वरून ओतलं, कुणी तेही नाही. पण त्यानं कधी कुणाला आपलं दुसरं नाव सांगितलं नाही. उद्या मी पंडितीण म्हणून पुढच्या खुर्चीवर बसू?"

"बसू नकोस."

"बसणारच नाही. तुम्ही काय करायचं ते करा. तुम्ही तिलक लावलात तर मी तुम्हाला टोकणार नाही. भाकरी वाढीन. पण त्या माणसाला मी ओळखणार नाही."

आणि पुन्हा गहू निवडायला लागली. मी तिथं उभा राहिलो. राग आला होता. तिच्यावर. ती बरोबर बोलत होती म्हणून.

दुसऱ्या दिवशी मंडप भरला. मी नुसता निळा ट्रॅकसूट घालून गेलो, कपाळ कोरडं. प्रबंधकजींनी कपाळाकडं बघितलं आणि तोंड फिरवलं. भाऊसाहेब पहिल्या रांगेत. नीतूचे वडील दुसऱ्या रांगेत, नवा गमछा घेऊन. मुली रांगेत उभ्या. माईकवर आवाज आला, "अब हमारे पंडितजी टीम को रक्षा-सूत्र बाँधेंगे."

रामसेवकानं थाळी आणून माझ्या हातात दिली. देताना बोटं लागू नयेत म्हणून थाळी कडेला धरली होती. नीतूनं हात पुढं केला. पातळ मनगट, त्यावर मागच्या मॅचचा विटलेला धागा.

"रुक, बेटा," मी म्हटलं.

मला माईक लागत नाही. आयुष्यभर कोर्टाच्या या टोकावरून त्या टोकाला ओरडलोय.

"मैं पंडित नहीं हूँ. पहले दिन भी नहीं था, पहले दिन ही बोला था. मैं मांग हूँ. रस्सी बटने वाली, बाजा बजाने वाली जात. प्रबंधकजी को मालूम है. मालूम हुआ तो कल मेरे पीछे-पीछे गंगाजल छिड़कवाया. और आज कहते हैं, पंडित बनकर धागा बाँधो. मैं नहीं बनता. जिसको बँधवाना हो, मांग के हाथ से बँधवाए."

मग मागून कुणीतरी हळू विचारलं, "मांग का होत?"

"बसोर समझ लो," दुसरा म्हणाला. "मराठी बसोर."

बसोर म्हणजे इकडं टोपल्या विणणारे, बाजा वाजवणारे. कुणीतरी फिसकन हसलं.

नीतूचा हात अजून पुढंच होता. तिनं माझ्याकडं बघितलं, मग माझ्या खांद्यावरून मागं बघितलं. तिचे वडील उठून उभे राहिले होते. त्यांनी शिवी दिली नाही, काही नाही. एवढंच म्हणाले, "मोड़ी."

हात खाली गेला. मग रांगेतले बाकीचे हातही. काहींनी पाठीमागं नेले. मी वाट बघितली. खोटं नाही सांगत, मी वाट बघितली. एक तरी हात राहील असं मला वाटलं होतं. नाही राहिला.

थाळी जमिनीवर ठेवली आणि खुर्च्यांच्या मधून फाटकाकडं निघालो. लोकांनी पाय आखडून घेतले. भाऊसाहेब आपल्या बुटांकडं बघत होते. प्रबंधकजी माईकवर सांगत होते की कोच साहब की तबियत ठीक नहीं है.

दुपारी सामान बांधलं. भिंतीपलीकडं मॅच सुरू झाली होती. शिटी ऐकू यायची, बॉलचा आवाज यायचा. बॉलच्या आवाजावरून मला कळतं कोण ड्रिबल करतंय. नीतू खेळत नव्हती. मी हातात पातेलं घेऊन तसाच उभा होतो.

कमल म्हणाली, "कान तिकडं लावू नका. पेटी उचला."

हातगाडीवर सामान टाकून आम्ही लक्ष्मी गेटपाशी आलो. एक खोली, जिन्याखाली मोरी. घरमालकानं विचारलं, "कौन लोग हैं?" कमलनं माझ्या आधी उत्तर दिलं. तो म्हणाला, "ये क्या होता है?" ती म्हणाली, "नीची समझते हैं लोग. देना हो तो दो." त्यानं दिली. भाडं जरा जास्त लावलं.

त्यानंतर मला कुणी टीम दिली नाही. दोन-तीन शाळांत विचारलं. पंडितजींची गोष्ट माझ्या आधी पोचलेली असायची. कमलनं पापड लाटले, मी सायकली दुरुस्त केल्या. तिनं एकदाही म्हटलं नाही की चूक झाली. मीही नाही म्हटलं. मनात यायचं कधीकधी. नीतूचं काय झालं असेल, हे यायचं.

गेल्या थंडीत कमलच्या छातीत पाणी झालं आणि ती गेली. हॉस्पिटलात पंधरवडा होती. शेवटी बोलता येत नव्हतं. माझी वाकडी बोटं हातात धरून पडायची, एकेक सरळ करायला बघायची. ती होणार नाहीत हे तिला माहीत होतं.

ती गेल्यावर काही दिवसांनी प्रबंधकजी आले. आता काठी लागते त्यांना. जिना चढून दम लागला होता. बसले.

"पंडितजी, बहुत दुख हुआ."

शोकाला आलेल्या माणसाला पाणी दिलं. प्यायले. ते बघून मला वाटलं, हा माणूस बदलला असेल. मग त्यांनी मुद्दा काढला. कॉलेजचा मोठा समारंभ आहे. जुन्या खेळाडू मुली येतायत. नीतू बाहेर कुठंतरी शाळेत खेळ शिकवते आता. म्हणजे तिचं खेळणं सुटलं नव्हतं. आम्हाला मूल नव्हतं.

"वही सबसे ज़्यादा पूछ रही है. पंडितजी सर आएँगे ना? पैर छूना चाहती है. आपको शॉल देंगे, मंच पर बिठाएँगे. सब पुरानी बात भूल गए हैं. आप भी भूल जाइए. बस उस दिन का कुछ बोलिएगा मत. किसके काम का है अब?"

"किस नाम से बुलाएँगे मंच पर?"

ते जरा अडखळले. "जिस नाम से सब जानते हैं."

कमलच्या खाटेवर अजून तिची गोधडी होती. मी तिकडं बघितलं नाही. त्या बाईनं जे मागितलं होतं ते मी तिच्या जिवंतपणी दिलं, एका सकाळी, आणि त्याची किंमत आम्ही दोघांनी मिळून भरली. आता ती नाही म्हणून मी एकट्यानं ते परत घ्यायचं? एका शालीसाठी? नीतूला एकदा बघायला मिळेल म्हणून?

"नहीं आऊँगा," मी म्हटलं.

"लड़की का दिल टूटेगा."

"उसको मेरा पता दे दीजिए. और मेरी जात बता दीजिए. फिर आना हो तो आए."

ते काठी टेकत गेले. पत्ता देतील की नाही, माहीत नाही. जात सांगणार नाहीत, हे माहीत आहे.

संध्याकाळी खाली उतरलो. गल्लीच्या तोंडाशी गुड्डू पानवाला बसतो. बाहेरचा माणूस घर विचारतो तो त्यालाच. त्याला म्हटलं, "गुड्डू, कोई मराठी मांग का घर पूछे, तो ऊपर भेज देना. कोई पंडितजी का घर पूछे, तो कहना इस गली में नहीं रहते."

तो चुना लावता लावता थांबला. "और वो कप्तान मोड़ी आ गई, दादा, जिसकी आप बात करते हो? उसको तो वही नाम मालूम है. वो पूछे तब?"

"तब भी," मी म्हटलं.